आवाज हिचा नाही, असं मीच लिहून दिलं होतं

माझी मुलगी पावणेसहा वर्षांची असताना मॉडेल झाली, आणि त्याचं कारण तिचं रूप नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातला बायकांचा पक्ष वेगळं सांगतो. कारण इतकंच होतं की ती हलत नसे.

राज्य तेव्हा नवं होतं. रायपूरला राजधानी झाल्याची सवय व्हायची होती. आठवड्याला एखादी शाळा उघडायची आणि प्रत्येक शाळेला आपला गणवेश दुसरीपेक्षा वेगळा हवा असायचा. अशा एका शाळेचा गणवेश घ्यायला मी तिला बाजारात घेऊन गेलो होतो. टेप माझा होता. दुकानातले टेप वापरून वापरून ताणलेले असतात, त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. स्कर्टची लांबी दुकानदार सोळा इंच सांगत होता, माझ्या टेपने सव्वासोळा येत होती. आमचं हे चाललेलं असताना मुलगी स्टुलावर दोन्ही हात पसरून उभी होती. मी तिला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजत असे. त्यामुळे कोणी टेप घेऊन समोर आलं की हात पसरायचे, श्वास धरायचा आणि दिसेनासं झाल्यासारखं उभं राहायचं, एवढं तिच्या अंगात मुरलं होतं.

दुकानदार माझ्याशी भांडता भांडता थांबला. तिच्याकडे पाहून म्हणाला, "भाई साहब, बच्ची ज़िंदा है न?"

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ती अकरा मिनिटं तशी उभी होती. पुढच्याच आठवड्यात त्याचा निरोप आला. त्याला दुकानाच्या जाहिरातीसाठी एका मुलीचा फोटो हवा होता. चार मुलं पाहून झाली होती, त्यात त्याचा स्वतःचा पुतण्याही होता. कोणी नाक खाजवायचं, कोणी पळून जायचं. फोटोवाला कंटाळला होता. आमची मुलगी उभी राहिली आणि त्याचं काम चहा येण्याआधी संपलं.

तो फलक भनपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागला. वीस फूट रुंद, दहा फूट उंच. तिच्या वेणीची रिबीन आमच्या पलंगाच्या चादरीएवढी होती. बायकोने माहेरच्या झाडून सगळ्यांना कळवलं. नागपूरहून माझे मेहुणे आले, तर त्यांना स्टेशनवरून घरी आणण्याआधी फलक दाखवून आणावा लागला. अडचण एकच होती. त्या बाजूला दिवसभर ट्रक, आणि पुढे सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ. चार महिन्यांत पोरीला मिशा आल्या.

"जाऊन पुसून या नं तिचं तोंड," बायको म्हणाली.

"बावीस फुटांची शिडी लागते," मी म्हणालो. मी अंदाज काढून ठेवलेला होता.

"तुमच्या पोट्टीचं तोंड आहे ते, अन् तुमी शिडी मोजून राहिले!"

पुढे मच्छरदाणी, दप्तर, एका ट्रॅक्टरवाल्याचं कॅलेंडर. ट्रॅक्टर विकायला सात वर्षांची मुलगी कशाला लागते हे मला अजून उमगलेलं नाही. या सगळ्याचा घरातला परिणाम असा झाला की कोणी तिच्याकडे दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहिलं की तिची हनुवटी एक बोट खाली यायची, डावा खांदा पुढे जायचा आणि ती थिजायची. पाहुणे आले, कौतुकाने बघू लागले, की ही झाली कॅलेंडर. "अगं श्वास घे," तिची आई म्हणायची, "पाहुणे आहेत, फोटोवाले नाईत."

बाराव्या वर्षी सगळं बंद पडलं. लहान मुलगी म्हणावी तर उंच, मोठी म्हणावी तर बारकी. वर पुढच्या दातांना तार. दोन्हीकडून नापास. ती पाच वर्षं साध्या मुलीसारखी शाळेत गेली, आणि आम्हीही साध्या आईबापांसारखे राहिलो. बायकोला ते जड गेलं.

सतराव्या वर्षी उंची पाच फूट साडेसात इंच भरली. कोसा रेशमाच्या साड्यांचा एक मोठा कार्यक्रम नवा रायपूरला होता, तिथे तिला बोलावणं आलं. माझं ऑफिस तोवर तिकडेच गेलेलं होतं, त्यामुळे रस्ता पाठ होता. घरापासून तेवीस किलोमीटर, त्यातल्या शेवटच्या नऊ किलोमीटरांत बस दिसलीच तर नशीब. मी तिला स्कूटरवर नेलं. साड्या नेसवणाऱ्या बायकांनी तिच्या ब्लाउजला मागून नऊ पिना लावल्या आणि ती त्या लांबलचक चौथऱ्यावर चालून आली. जाताना अठ्ठावीस पावलं, येताना सव्वीस. मी मागच्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होतो. शेजारचे गृहस्थ अदबीने सरकले आणि म्हणाले, "सर, आप जज हैं क्या?"

अशा बऱ्याच ठिकाणी ती चालली. मग गाण्यांचे व्हिडिओ आले.

आमच्याकडे छत्तीसगढी गाण्यांचे व्हिडिओ भरपूर निघतात. पद्धत अशी. गाणं आधीच कोण्या गायिकेच्या आवाजात तयार असतं. शेताच्या बांधावर मोठा स्पीकर ठेवून ते वाजवतात आणि समोर मुलगी नाचत नाचत ओठ हलवते. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा. दिग्दर्शक सगळ्याच मुलींना सांगतो की नुसते ओठ हलवू नका, खरंच गा, नाहीतर मान मेल्यासारखी दिसते. आमची मुलगी आज्ञाधारक. पण स्पीकर इतका मोठा की तिचं तिलाही ऐकू जात नसे.

प्रत्येक चित्रीकरणाआधी एक छापील हिंदी कागद यायचा. त्यात लिहिलेलं असे की मी माझ्या पुत्रीचा चेहरा, अभिनय आणि आवाज वापरण्याची परवानगी 'देता/देती हूँ'. ती सज्ञान झाल्यावरही तो माझ्याकडेच यायचा. खाली बापाची सही दिसली की निर्मात्याला बरं वाटायचं. हा निर्माता म्हणजे चाळिशीचा, हसरा, जगाचा भैया. बाकीच्या मुलींचे वडील सांगितलेल्या जागी सही करून मोकळे होत. माझी नोकरी अर्ज तपासण्याची. लागू नसेल ते खोडायचं, हे मी हजारो लोकांना शिकवलं आहे. मी 'देती' खोडत असे. मग 'आवाज' हा शब्द खोडत असे, त्याच्यावर छोटी सही, आणि बाजूला स्वच्छ अक्षरात: "आवाज़ इसकी नहीं है।"

असे एकोणीस कागद मी दिले. दर वेळी मला समाधान वाटायचं.

आता मधला एक दिवस सांगावा लागेल. चित्रीकरण चालू असताना गाण्याच्या मध्येच स्पीकरची बॅटरी संपली. स्पीकर बंद झाला, पण गाणं चालूच राहिलं. मुलीचे डोळे मिटलेले होते, तिला कळलंच नाही. सगळे वळून तिच्याकडे पाहू लागले, तिने डोळे उघडले, आणि सगळे पाहताहेत म्हटल्यावर हनुवटी एक बोट खाली, डावा खांदा पुढे, गाणं बंद. हे मला तिथे स्पीकर लावायला आलेल्या, एरवी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने नंतर सांगितलं. त्याने तिला डमी गायला बोलावलं. डमी म्हणजे असं की मोठी गायिका यायच्या आधी चाल बसवण्यासाठी कोणीतरी ते गाणं गाऊन ठेवतं. मोठी गायिका ते ऐकते, तसं गाते आणि डमी पुसून टाकतात. दीड वर्ष माझी मुलगी पुसून टाकण्यासाठी गात होती. मी तिला स्टुडिओपर्यंत सोडायला जात असे, पण वर जात नसे. खाली चहाच्या टपरीवर थांबत असे. एक काम एका माणसाचं असलं की दुसऱ्याने तिथे उभं राहू नये, असं माझं मत.

मग नवरात्राच्या आधी एका गाण्याच्या वेळी मोठ्या गायिकेचा घसा बसला. निर्मात्याची घाई. तेव्हा माझ्या मुलीने, जिने आयुष्यात आईस्क्रीमचा वाससुद्धा मागून घेतला नव्हता, त्याला सांगितलं की हे गाणं माझ्या आवाजात राहू द्या, आणि खाली माझं नाव येऊ द्या.

तो हसला. म्हणाला, "दीदी, तेरा चेहरा देख के लोग यही समझेंगे कि आवाज़ फिर किसी और की है।"

"चेहरा मत रखो। किसी और लड़की को ले लो।"

पावणेसहाव्या वर्षापासून चेहऱ्यावर चाललेली मुलगी चेहरा नको म्हणते, हे त्याला थट्टेचंच वाटलं. त्याने कपाटातून फाइल काढली आणि माझे एकोणीस कागद टेबलावर पंख्यासारखे पसरले. "तेरे पापा ने उन्नीस बार लिख के दिया है कि तू नहीं गाती। कल को वो बड़ी मैडम बोलेंगी कि आवाज़ मेरी है, तो मैं क्या दिखाऊँ? ये? जा, अंकल जी से उल्टा लिखवा ला। रख दूँगा।"

आणि मुदत दिली शनिवारची. रविवारी ते दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेणार होते.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमी असं काहून लिहिलं?"

"खरं होतं म्हणून."

"अन् आता? आता लिहून द्या नं की गाते म्हणून."

"मले माईत नाई. मी तुझं गाणं ऐकलंच नाई."

"बाथरूममधी गाते ते?" बायको मध्येच म्हणाली.

"ते धरता येत नाई. नळ चालू असते."

मुलीने हातातली पोळी ताटात ठेवली. राग आला की ती हिंदीत जाते. "आपको लगता है मैं झूठ बोल रही हूँ?"

"खोट्याचा प्रश्न नाई. पाह्यल्याशिवाय मी सही करत नाई. कोणासाठीच नाई."

"जाऊ दे बेटा," बायको म्हणाली. "मले पाह्यला दोनदा आले होते हे. सगळी बैठक जमली, चहा झाला, अन् म्हणे पुन्हा येतो."

हे खरं आहे. पहिल्या वेळी वीज गेली होती.

मुलगी हसली नाही. ती उठून हात धुवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "शनिवारी सकाळी दहाला. वर यायचं. टपरीवर नाई."

शनिवारी मी पावणेदहाला वर गेलो. जुन्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, एक घर, खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. मध्ये काच. काचेपलीकडे मुलगी, अलीकडे तो ध्वनिमुद्रणवाला मुलगा आणि मी. मी खुर्ची तिच्या बरोबर समोर घेतली, चष्मा पुसला आणि कोरा कागद गुडघ्यावर ठेवला.

संगीत सुरू झालं. तिची ओळ आली. ओठ हलले, मान हलली, गळ्याची शीरसुद्धा व्यवस्थित फुगली. आवाज नाही.

त्या मुलाने यंत्र थांबवलं. वायर काढून परत लावली. पुन्हा संगीत. पुन्हा तेच. त्याने दुसरी वायर लावली. तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं. हनुवटी एक बोट खाली, डावा खांदा पुढे.

"वायर ठीक आहे," मी म्हणालो.

स्पीकरमधून तिचा बारीक आवाज आला. "बाबा, तुमी पाहून राहिले."

"पाह्यलाच आलो ना मी."

"तसं नका पाहू."

"तसं म्हणजे कसं?"

"टेप घेतल्यासारखं."

टेप माझ्या खिशात होता हे खरं, पण तो मी बाहेर काढलेला नव्हता. मी तसं सांगणार होतो. मग तिच्याकडे पाहिलं आणि नाही सांगितलं. बावीस वर्षांची मुलगी काचेआड श्वास धरून उभी होती, आणि तिला तसं उभं राहायला शिकवणारा माणूस काचेच्या या बाजूला खुर्चीवर बसलेला होता.

"अंकल, आप कुर्सी घुमा लीजिए," मुलगा म्हणाला.

मी खुर्ची फिरवली. समोर गादी. दोन सेकंदांत अडचण लक्षात आली. "बेटा, ऐसे नहीं चलेगा। पीठ पीछे तुम किसी की भी रिकॉर्डिंग बजा दोगे, मुझे क्या मालूम?"

त्याने एक मोठा श्वास सोडला. मला वाटतं असं ऐकायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. मग त्याने माझी खुर्ची अर्धी फिरवून यंत्राकडे केली. तिथे हिरव्या दिव्यांची एक उभी पट्टी होती, बाजूला आकडे. "ये सिर्फ़ दीदी के माइक की है। इसमें और कुछ जाता ही नहीं। वो गाएगी तो चढ़ेगी। आप इसको देखिए, उसको मत देखिए।"

आकडे दिसल्यावर मला जरा बरं वाटलं. तरी मी खात्री केली. मुलीला खोकायला सांगितलं, पट्टी चढली. गप्प राहायला सांगितलं, उतरली. त्या मुलाला खोकायला सांगितलं, हलली नाही. मी स्वतः खोकून पाहिलं, हलली नाही.

"हो गया, अंकल?"

"हव," मी म्हणालो. "शुरू करो।"

संगीत सुरू झालं, तिची ओळ आली आणि पट्टी चढली.

गाण्यातलं मला कळत नाही, त्यामुळे मत देणार नाही. पट्टीबद्दल सांगतो. ओळीच्या सुरुवातीला ती झटकन वर जायची नाही, पायऱ्या चढल्यासारखी जायची. एका ठिकाणी तिने एकच स्वर धरला आणि पट्टी एकाच दिव्यावर नऊ सेकंद उभी राहिली. आवाज मी समजत होतो त्यापेक्षा जाड होता, थोडा खरखरीत. फलकावरच्या त्या रिबिनीच्या मुलीला हा आवाज कोणी दिला नसता. मी कागदाच्या मागे आकडे लिहीत होतो. पहिल्या कडव्याचे सगळे आहेत, दुसऱ्या कडव्याचे तीन आहेत. पुढचे नाहीत. पेन चालू होतं.

गाणं संपल्यावर ती बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता पाणी प्यायली. मी लिहायला बसलो. शासकीय हिंदीत लिहिलं, कारण निर्मात्याला तीच पटते. मी स्वतः हजर राहून तपासलं आहे, सदर आवाज सदर युवतीचा आहे. सदर युवती माझी पुत्री असल्याने माझं म्हणणं पक्षपाती मानलं जाऊ शकतं, सबब ध्वनिमुद्रण करणाऱ्याची सहीही घेतली आहे.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा, पक्षपाती तुमीच म्हणता, मग कोण मानंन?"

"म्हणूनच मानतीन."

पुढे मी लिहिलं की आधीचे एकोणीस कागद आपापल्या दिवशी बरोबर होते.

"हे काढा."

"काढता येत नाई. खरं आहे ते."

"नाई आहे खरं." ती खाली बसली, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर. "बाबा, मी गात होती. एकोणीसच्या एकोणीस वेळा. डायरेक्टर म्हणे खरंच गा, तर मी खरंच गायची. पूर्ण गाणं. स्पीकरपुढं कोणाले ऐकू जात नव्हतं, एवढंच."

मी पेन टेकवून बसलो. तो मुलगा वायर गुंडाळत होता, तो थांबला. तीस वर्षांत मी तपासलेला एकही अर्ज चुकीचा म्हणून परत आलेला नाही, आणि इथे एकदम एकोणीस. मी शेवटची ओळ खोडली, वर छोटी सही केली आणि खाली लिहिलं: "पूर्व के उन्नीस पत्रों में मैंने लिखा था कि आवाज़ इसकी नहीं है। गाने में नहीं थी। खेत में थी। मैंने पूछा नहीं था।"

तिने ते वाचलं. कागद माझ्या हातातून घेऊन दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत बसलेल्या निर्मात्याकडे स्वतः गेली.

तो उभ्या उभ्या वाचत बाहेर आला. दोनदा वाचला. "अंकल जी, ये खेत वाली बात का मैं क्या करूँ?"

"फाइल में लगाइए। और मुझे पावती दीजिए।"

त्याने माझ्या कार्बन प्रतीवर 'मिला' लिहून सही दिली. मग म्हणाला, "आपका फ़ॉर्म जो चेक करता होगा न अंकल जी, उसकी तो..." आणि पुढचं त्याने मुलगी समोर होती म्हणून गिळलं.

गाणं नवरात्राच्या चार दिवस आधी आलं. चेहरा दुसऱ्या एका मुलीचा, गोड आहे ती. नाव खाली बारीक अक्षरात चार सेकंद येतं. त्या चार सेकंदांसाठी बायकोने समोरच्या घरातल्या तिघींना बोलावून टीव्हीपुढे बसवलं. त्यांतल्या एकीचं नेमकं तेव्हाच नातवाकडे लक्ष गेलं, म्हणून गाणं पहिल्यापासून लावावं लागलं.

मुलगी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला बोलावलं तर आली नाही. पण दुसऱ्यांदा गाणं लागल्यावर आतून तिचा आवाज यायला लागला, टीव्हीतल्या आवाजाच्या जरा पुढे, जोरात, परातीच्या आवाजासकट. समोरच्या घरातल्या बायका टीव्ही सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागल्या. मीही पाहिलं. तिला ते दिसलं. ती कणीक मळत राहिली आणि गात राहिली.

"अगं चूप राय नं जराशी," बायको टीव्हीवरची नजर न काढता ओरडली, "पोट्टीचं गाणं ऐकून राहिली ना मी!"